जुन्या ट्रॅक्टरचा लोडर एका माणसाने उतरवावा म्हणून : एका फेरबदलाचे प्रकरण

कराड तालुक्यात कृष्णेच्या काठी आमची काळी जमीन आहे. मुख्य पीक ऊस, मधल्या हंगामात सोयाबीन आणि जोडीला गोठ्यात अकरा जनावरे, असा आमचा पसारा आहे. या पसाऱ्याचा भार वाहणारा ट्रॅक्टर 1997 साली घेतलेला, चार सिलिंडरचा, 45 अश्वशक्तीचा आणि साध्या स्टिअरिंगचा आहे. गोठ्यातील शेणखत आणि साखर कारखान्याकडून येणारी मळी (रस गाळून उरलेला, खत म्हणून वापरायचा गाळ) हाताने भरणारी माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा 2012 साली परिसरातील एका कारागिराकडून या ट्रॅक्टरला पुढचा लोडर, म्हणजे तेलाच्या दाबावर उचलणारे हात (बूम) आणि त्यांच्या टोकाची बकेट, बसवून घेतला. लोडरने आपले काम चोख केले. दोन माणसांना दिवसभर लागणारी ट्रॉली तो अर्ध्या तासात भरू लागला, त्यामुळे त्याच्या उपयोगाबद्दल आमच्या घरात कधीही दुमत झाले नाही. अडचण होती ती तो उतरवण्याची, आणि या टिपणाचा विषय तेवढाच आहे.

आमच्या भागात लोडरची खरी गरज चैत्र-वैशाखात असते, कारण नांगरट झालेल्या रानात खत आणि मळी पावसापूर्वी पडावी लागते. पुढे आडसाली (पावसाळ्यात लावून दीडेक वर्षाने तोडायच्या) उसाच्या लागणीचा काळ, म्हणजे साधारण जुलै-ऑगस्ट, हा माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर आणि सरी पाडणारा रिजर यांचा असतो. सरी पाडताना बांधाशी वळण घ्यायचे, ओल्या काळ्या मातीत पुढची चाके रुतू द्यायची नाहीत आणि सरी सरळ ठेवायची, ही तिन्ही कामे पुढे पावणेदोन मीटर लोखंड लोंबकळत असताना नीट होत नाहीत. म्हणून जूनच्या सुरुवातीला लोडर उतरवणे आणि खताच्या वेळी पुन्हा चढवणे हाच योग्य क्रम होता. प्रत्यक्षात मात्र उतरवण्यासाठी तीन माणसे, छपराच्या तुळईला टांगलेला चेनब्लॉक (ओझे उचलायची साखळीची कप्पी) आणि अर्धा दिवस लागत असे. बावीस बोल्ट सोडायचे, सहा होज पाईप काढून तेल बादलीत धरायचे आणि मग प्रत्येक टॉवर, म्हणजे बूम पेलणारा बाजूचा उभा खांब, वेगळा उचलायचा. पहिली चार वर्षे आम्ही ते केले. 2016 नंतर लोडर उतरवणे बंदच झाले आणि तो बाराही महिने ट्रॅक्टरवर राहू लागला.

याचे परिणाम हळूहळू दिसू लागले. किंगपिनची (पुढचे चाक ज्या उभ्या खिळीवर वळते तिची) बुशिंग दर दीड-दोन वर्षांनी बदलावी लागली, पुढचे टायर कडेने झिजू लागले, स्टिअरिंग बॉक्समध्ये ढिलाई आली, आणि सर्वांत काळजीची गोष्ट म्हणजे इंजिन व क्लच हाऊसिंग यांच्या सांध्यातून तेल पाझरू लागले. जुन्या शेती ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल हे एकमेकांना बोल्टने जोडलेले ओतीव भागच त्याचा कणा असतात. त्या कण्याच्या नेमक्या मध्यावर, म्हणजे क्लच हाऊसिंगच्या दोन्ही बगलांना, आमच्या लोडरचे टॉवर प्रत्येकी चार बोल्टांनी बसवलेले होते आणि मागच्या एक्सलशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. ढिगात बकेट घुसवताना बसणारा प्रत्येक धक्का त्या आठ बोल्टांतून ओतीव लोखंडात जात होता.

वजनकाट्यावरचे आकडे

फेरबदल करण्यापूर्वी अंदाजावर विसंबायचे नाही असे ठरवून ट्रॅक्टर गावाजवळच्या वजनकाट्यावर नेला. संपूर्ण ट्रॅक्टर लोडरसह 2,470 किलो भरला. मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून मागची चाके बाहेर सपाटीवर ठेवली, तेव्हा आकडा आला 1,340. लोडर उतरवल्यानंतर हीच मापे पुन्हा घेतली : एकूण 1,950 आणि पुढच्या एक्सलवर 760. म्हणजे लोडर आणि त्याची पुढची जोडणी मिळून वजन 520 किलोच होते, पण पुढच्या एक्सलवरील भार 580 किलोने वाढत होता, कारण लोडरचा वजनमध्य पुढच्या चाकांच्याही पुढे येतो आणि तो मागच्या चाकांवरील थोडे वजन उचलून पुढे आणतो. रिकाम्या बकेटची ही स्थिती होती. बकेटमध्ये 300 किलो ओले शेणखत घेतले की हिशेबाने पुढच्या एक्सलवर 1,800 किलोंच्या आसपास भार येतो, आणि तो 6.00-16 मापाच्या दोन अरुंद टायरांनी पेलायचा असतो.

या आकड्यांनी माझे मत पक्के केले. लोडर वापरताना पुढच्या एक्सलवर ताण येणार हे मान्यच आहे, आणि त्यासाठी वापराचे तास मोजके असतात. पण वर्षातले आठ-नऊ महिने, ट्रॉली ओढताना, रोटाव्हेटर चालवताना, खड्ड्यांच्या रस्त्यावरून जाताना तोच 580 किलोंचा भार फुकट वाहायचा, हे यंत्राचे आयुष्य कमी करणारे होते. लोडर सहज उतरला तरच तो उतरवला जाईल, आणि एकट्या माणसाला पंधरा-वीस मिनिटांत उतरवता आला तरच त्याला सहज म्हणता येईल, अशी कसोटी मी कामाच्या आधीच ठरवून घेतली.

काय ट्रॅक्टरवर राहावे आणि काय उतरावे

काम गावातल्याच एका अनुभवी वेल्डिंग मिस्त्रींकडे दिले. जुने टॉवर सोडताना डाव्या बाजूचा मागचा बोल्ट फिरेना. मिस्त्रींनी पान्याला पाईप लावला, थोडा जोर दिला आणि थांबून म्हणाले, “दादा, ह्यो बोल्ट आता आटे घेऊनच भाईर येणार.” तसेच झाले. बोल्ट बाहेर आला तेव्हा त्याच्या खाचांत ओतीव लोखंडाचे करडे आटे स्प्रिंगसारखे गुंडाळलेले होते. हाऊसिंगचे ते भोक लेथवाल्याकडून मोठे करून, नवे आटे पाडून आणि पोलादी बुश बसवून घ्यावे लागले. टॉवरचा भार या हाऊसिंगवर पुन्हा टाकायचा नाही, हा निर्णय त्या बोल्टाने घेतला असे म्हटले तरी चालेल.

त्यामुळे रचना अशी ठरली. ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंना पुढच्या एक्सलच्या आधारापासून मागच्या एक्सलच्या ट्रम्पेट हाऊसिंगपर्यंत (एक्सलच्या ओतीव आवरणापर्यंत) 125 मिलिमीटर उंचीचा चॅनेल, म्हणजे पन्हळीच्या आकाराचा पोलादी गर्डर, न्यायचा. पुढे तो बोल्टने आणि मागे यू-क्लॅम्पने बांधायचा. क्लच हाऊसिंगशी त्याचा संबंध फक्त डुलू नये इतपत, एका बोल्टापुरता ठेवायचा. या चॅनेलवर प्रत्येक बाजूला एक ब्रॅकेट कायमचे राहील आणि टॉवर, बूम, सिलिंडर व बकेट हे सर्व एकसंध त्या ब्रॅकेटवर बसेल आणि उतरेल. धक्का आता बकेटकडून टॉवरला, टॉवरकडून चॅनेलला आणि चॅनेलकडून थेट मागच्या एक्सलला जातो. मधला ओतीव कणा त्यातून मोकळा होतो. याची किंमतही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. चॅनेल, क्लॅम्प आणि ब्रॅकेट मिळून 175 किलो वजन आता ट्रॅक्टरवर कायम राहते, आणि लोडर नसतानाही पुढच्या एक्सलवर 760 ऐवजी 845 किलो भरतात. शिवाय क्लच प्लेट बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधून उघडावा लागतो तेव्हा चॅनेल आड येऊ नये म्हणून ते कुठेही वेल्ड न करता बोल्टानेच ठेवले. डाव्या टॉवरमागे झाकला जाणारा ऑइल फिल्टर हाताला लागावा यासाठी ब्रॅकेट नव्वद मिलिमीटर मागे घेतले. हे आधी पाहिले नसते, तर प्रत्येक ऑइल बदलाला लोडर उतरवावा लागला असता.

ब्रॅकेटवर टॉवर दोन ठिकाणी धरला जातो : खाली एका खोबणीत टॉवरचा आडवा गोल गज बसतो आणि त्याच्या 35 सेंटिमीटर वर एक पिन आरपार जाते. पिनची जाडी ठरवताना केलेला हिशेब येथे देतो, कारण बहुतेक ठिकाणी ही जाडी “हाताला बरी वाटते” म्हणून ठरते. उतरणाऱ्या भागाचे वजन 450 किलो आणि त्याचा मध्य टॉवरपासून 1.2 मीटर पुढे. बकेटमधील 300 किलो माल टॉवरपासून 2 मीटर पुढे. दोन्ही मिळून टॉवरला पुढे कलंडवणारा जोर 1,140 किलोग्रॅम-मीटर होतो. तो 35 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन आधारांनी पेलायचा, म्हणजे वरच्या पिनांवर एकूण सुमारे 3,260 किलोंची ओढ येते. बकेटचा एक कोपरा बुडख्यात अडकला तर जवळजवळ सगळी ओढ एकाच बाजूवर येईल आणि धक्का असल्याने ती दुप्पट धरावी, म्हणून एका पिनसाठी 6,500 किलो धरले. ईएन-8 पोलादाची 32 मिलिमीटर जाडीची पिन दोन्ही बाजूंनी आधार असताना यात दर चौरस मिलिमीटरला 40 न्यूटनच्या आसपास ताण सोसते, आणि तो त्या पोलादाच्या क्षमतेच्या खूप आत आहे. टॉवरची प्लेट 16 मिलिमीटरची आणि ब्रॅकेटच्या दोन्ही प्लेटी 12 मिलिमीटरच्या घेतल्या. पिनच्या टोकाला 30 मिलिमीटर लांबीचा निमुळता उतार काढून घेतला, कारण दोन भोके केसभर चुकली तरी तो उतार पिनला आत ओढून घेतो आणि घण हातात घ्यावा लागत नाही.

वेल्डिंगच्या वेळी दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या. बॅटरी आणि आल्टरनेटरच्या तारा सोडून ठेवल्या, आणि अर्थिंगचा चिमटा नेहमी वेल्ड होणाऱ्या तुकड्यालाच लावला, म्हणजे वीज बेअरिंगांतून फिरत नाही. ब्रॅकेट आणि टॉवर टेबलावर वेगवेगळे न जुळवता ट्रॅक्टरवरच, पिना घालून, आधी टाके मारून जुळवले आणि दोन्ही बाजू एकाच वेळी बसतात हे चार वेळा काढून-घालून पाहिल्यावर मगच पूर्ण वेल्ड केले.

तेलाच्या जोडण्या

पंप पूर्वीप्रमाणेच क्रँकच्या पुढच्या पुलीवर राहिला. जुन्या रचनेत लिव्हरचा व्हॉल्व उजव्या टॉवरवर होता, त्यामुळे टॉवर काढायचा म्हणजे पंपाचे आणि टाकीचे पाईपही सोडणे आले. व्हॉल्व उचलून उजव्या मडगार्डजवळच्या स्वतंत्र ब्रॅकेटवर आणला, म्हणजे लोडरकडे जाणारे फक्त चार होज उरले आणि त्यांना क्विक कपलर (हाताने झटपट जोडता-सोडता येणारे सांधे) बसवता आले. चार सारखे कपलर घेतले असते तर कधी ना कधी घाईत अदलाबदल होऊन बूम उचलायच्या लिव्हरने बकेट उलटली असती. म्हणून बूमच्या दोन होजांना अर्धा इंची आणि बकेटच्या दोन होजांना तीन अष्टमांश इंची कपलर घेतले आणि प्रत्येक जोडीत एक नर व एक मादी असे उलटसुलट लावले. आता चारपैकी कोणताही होज चुकीच्या जागी बसतच नाही. मळीची बारीक कचकच कपलरमध्ये गेली की सिलिंडरचे सील खराब होतात, त्यामुळे टोप्या साखळीने बांधून ठेवल्या आहेत.

पहिल्या रचनेतील चूक

पहिल्या आठवड्यात लोडर बारा मिनिटांत उतरला आणि सर्वांना समाधान वाटले. दहाव्या दिवशी गोठ्यामागची मुरमाची जागा सपाट करताना, बकेट जमिनीवर दाबून ट्रॅक्टर मागे घेत असताना, डाव्या बाजूने मोठा आवाज आला. खालचा गज खोबणीतून पुढे निसटला होता. वरची पिन शाबूत होती, तिच्याभोवती डावा टॉवर फिरला होता, उजवा मात्र जागेवरच होता, आणि दोन बाजूंना जोडणाऱ्या बूमच्या आडव्या पाईपला पीळ बसून त्याच्या वेल्डला बोटभर तडा गेला होता. माणसाला काही झाले नाही, कारण जवळ कोणी उभे नव्हते.

कारण शोधायला वेळ लागला नाही, पण ते आधी सुचायला हवे होते. खोबणीचे तोंड आम्ही सरळ पुढे ठेवले होते. माल उचलताना आणि ढिगात घुसताना टॉवरचा तळ मागे ढकलला जातो, म्हणजे गज खोबणीत अधिक घट्ट बसतो. आमचा सगळा हिशेब या दोन स्थितींचाच होता. बकेट मागे ओढताना जोराची दिशा उलटते आणि तळ पुढे खेचला जातो. त्यातच बकेट खाली दाबलेली असली की टॉवर वर उचलला जातो, त्यामुळे त्याचे वजनही त्याला खोबणीत धरून ठेवत नाही. केवळ वजनाच्या भरवशावर ठेवलेली जोडणी लोडरला चालत नाही, कारण लोडर कधी खाली ओढतो, कधी वर उचलतो आणि कधी पुढे खेचतो.

दुरुस्ती करताना खोबणीचे तोंड 45 अंश वर वळवले, पुढच्या ओठाची उंची 25 मिलिमीटर ठेवली आणि तोंडावर आडवी जाणारी 16 मिलिमीटरची कुलूप-पिन घातली. ओठामुळे गज सहजासहजी पुढे येत नाही आणि कुलूप-पिनमुळे वर येत नाही. एका बाजूला आता दोन पिना झाल्या, म्हणजे उतरवताना दोन मिनिटे वाढली. ती दोन मिनिटे मी आनंदाने देतो.

उतरवण्याची रीत आणि ओटा

कपलर आणि पिना यांच्याइतकेच महत्त्व लोडर ठेवण्याच्या जागेला आहे, हे पहिल्याच पावसाळ्यात कळले. काळ्या मातीवर उभा केलेला लोडर जूनमध्ये एका बाजूने चार इंच रुतला आणि चढवताना भोके जुळेनात. त्यानंतर छपराखाली आठ फूट बाय दहा फुटांचा काँक्रीटचा ओटा केला. लोडर तेथेच उतरतो आणि तेथूनच चढतो. सावलीचा दुसरा फायदा असा, की उन्हात पडलेल्या होजातील तेल तापून फुगते, आत दाब तयार होतो आणि मग कपलर हाताने आत जात नाही. छपराखाली तो त्रास होत नाही.

ओट्यावर येऊन बकेट सपाट टेकवायची, बूमच्या बगलांना बसवलेल्या दोन घोड्या (टेकूचे पाय) खाली सोडून त्यांच्या भोकांत पिना घालायच्या, मग आधी कुलूप-पिना आणि नंतर वरच्या पिना काढायच्या. यानंतर ट्रॅक्टरवर बसून बूम खाली दाबण्याची लिव्हर अगदी हळू ओढायची. बकेट जमिनीला टेकलेली असल्याने बूम खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे टॉवरचा तळच पुढे आणि वर झुलून खोबणीतून बाहेर येतो. हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला चकित करते : चेनब्लॉक नाही, पहार नाही, लोडर स्वतःच्याच सिलिंडरच्या जोरावर ट्रॅक्टरपासून सुटतो. इंजिन बंद करायचे, टॉवर बूमशी आखूड साखळीने बांधायचा, दोन्ही लिव्हर पुढेमागे हलवून दाब सोडायचा, चारही कपलर काढायचे आणि ट्रॅक्टर सरळ मागे घ्यायचा. एकट्या माणसाला यासाठी 14 मिनिटे लागतात. चढवायला 20, कारण ट्रॅक्टर दोन ब्रॅकेटांसह नेमका आत घालावा लागतो. पिना काढल्यापासून लोडर सुटेपर्यंत बूमखाली किंवा टॉवरजवळ कोणीही, विशेषतः लहान मुले, असता कामा नये, आणि लोडर कधीही बूम वर ठेवून उभा करू नये. होजातून तेल फवारत असेल तर गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालचे बारीक तेल कातडीत घुसते आणि दवाखाना गाठावा लागतो.

लोडर चढवलेला असताना मागच्या लिफ्टवर वजन घेणे आता नियमाचे केले आहे. दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये पाऊण उंचीपर्यंत काँक्रीट ओतून ते सुमारे 360 किलोंचे झाले. त्याने पुढच्या एक्सलवरचा भार जवळपास 165 किलोंनी उतरतो आणि मागच्या चाकांची पकड परत येते. पूर्वी भरलेली बकेट घेऊन उतारावर मागचे चाक हलके झाल्याचे बसणाऱ्याला जाणवत असे, ते थांबले.

दोन हंगामांनंतर

2023 च्या उन्हाळ्यात केलेल्या या कामाला मजुरी, पोलाद, कपलर आणि दुरुस्तीसह 41,000 रुपये लागले. त्यांतील सुमारे 5,000 पहिल्या रचनेच्या चुकीचे आहेत. त्यानंतरच्या दोन वर्षांत लोडर नऊ वेळा उतरला आणि चढला, म्हणजे आधीच्या सात वर्षांत एकदाही न झालेली गोष्ट आता खताची शेवटची ट्रॉली पडली की त्याच संध्याकाळी होते. किंगपिनची बुशिंग अजून बदललेली नाहीत. क्लच हाऊसिंगच्या सांध्यावरील तेलाचा ओलावा नवे गॅस्केट बसवल्यापासून परत आलेला नाही. सरी पाडताना बांधाशी ट्रॅक्टर एका झोतात वळतो, आणि साध्या स्टिअरिंगवर दिवसभर बसणाऱ्या थोरल्या बंधूंच्या खांद्यांना त्याचा फरक कळतो, असे ते स्वतः सांगतात.

एक झीज मात्र दिसू लागली आहे. यंदा लोडर चढवण्यापूर्वी खोबणीचा तळ कॅलिपरने मोजला तेव्हा डावीकडे दीड मिलिमीटर आणि उजवीकडे जेमतेम अर्धा मिलिमीटर झीज आढळली. ट्रॉली भरताना ट्रॅक्टर नेहमी एकाच बाजूला वळत असल्याने डाव्या बाजूला जास्त ओढ बसते असे मला वाटते. येत्या पावसाळ्यात, लोडर ओट्यावर असतानाच, दोन्ही खोबणींत कठीण पोलादाचे बदलता येणारे अस्तर बोल्टने बसवायचे ठरले आहे. मिस्त्रींनी त्याचा पुठ्ठ्याचा नमुना कापून नेला आहे.